बाहेर असलेल्याची बायको

"ज्याला मातीत ठेवलं नाही त्याला गेला म्हणू नये, बाहेर आहे म्हणावं."

मेलिनो हे पहिल्यांदा बोलली ती पाण्याच्या टाक्यावर. कुणीतरी सहज म्हणालं होतं, आता घरात तू आणि सासू, दोघीच राहिलात. त्यावर हे वाक्य, आणि मग घागर उचलून ती चालायला लागली. पुढं आमच्या बंदरात ती म्हणच होऊन बसली. दारू पिऊन होडीत पडलेल्या नवऱ्याबद्दल बायका म्हणायच्या, "गेला नाही गं, बाहेर आहे," आणि हसायच्या. मेलिनो स्वतः हसून बोलली नव्हती, हे हसतानाही सगळ्यांना आठवत असे.

ओइया म्हणजे थेरा बेटावर डोंगराच्या पायथ्याशी काळ्या वाळूवर बसलेलं गाव. वर कड्यावर शहर. शहरात देवळं, वारा आणि मिसरच्या राजाची शिबंदी. खाली आम्ही, ओढून ठेवलेल्या होड्या, सुकत घातलेली मासळी. आभाळ देईल तेवढं पाणी टाक्यात धरायचं आणि उन्हाळाभर जपायचं. डोंगरापलीकडच्या समुद्रातून अधूनमधून धूर येतो. आमच्या म्हाताऱ्यांच्या तरुणपणी तिथून एक अख्खं बेट वर आलं होतं, गरम, आणि भोवती शिजलेले मासे. समुद्र काय गिळतो, काय वर टाकतो, याबद्दल आम्ही कुणी त्याच्याशी वाद घालत नाही.

मेलिनो डोंगरातल्या वाडीतून लग्न होऊन आली. तिला समुद्राकडं तोंड करून उभं राहता येत नसे. जाळी विणायला शिकली तीही पाठ समुद्राकडं करून. ठेंगणी, रुंद खांद्यांची, मनगटं पुरुषासारखी. बोलणं कमी. कार्तिदामस, तिचा नवरा, लांब हाडांचा, बडबड्या, पाण्यावर सुखी. त्याची होडी शिबंदीच्या कामाला असे. पीठ, कातडी, कधी एखादा आजारी शिपाई, इथून क्रीटला आणि क्रीटहून इथं. तो परतला नाही ती शरदातली शेवटची खेप होती, कृत्तिका मावळायच्या बेतात असताना. वादळ झालं नव्हतं. फळी आली नाही, वल्हं आलं नाही, बरोबरचा माणूसही आला नाही. समुद्र इतका स्वच्छ होता की त्यानं काही केलंय असं वाटेना.

मग घरात खुणा दिसू लागल्या. सकाळी उंबऱ्याच्या आत ओली काळी वाळू, दार आतून बंद असताना. घागरीतलं गोड पाणी दुपारपर्यंत खारं. कार्तिदामसच्या जागेवरची चटई मध्ये दबलेली, कुणी नुकतंच उठून गेल्यासारखी. तिची सासू बित्तो हे सगळं शेजारीपाजारी मोठ्यानं सांगायची. मेलिनो वाळू गोळा करायची आणि चुलीच्या कोपऱ्यात नीट रचून ठेवायची.

"बघितलंस?" बित्तो म्हणायची. "दाराशी येतोय पोरगा. त्याला वाट दाखवायला हवी."

"घर त्याचंच आहे, सासूबाई. वाट त्याला माहीत आहे."

"अगं, मेलेल्याला घरची वाट माहीत असणं हेच तर वाईट."

आमच्यात प्रेत असेल तर प्रश्न नसतो. प्रेत नसेल आणि माणूस दाराशी येत राहिला, तर मातीचा माणूस करायचा. त्याला घरात जेवायला बसवायचं, प्रत्येक पदार्थातला वाटा त्याच्यापुढं ठेवायचा. मग त्याला उचलून पडीक जमिनीत, जिथं कधी नांगर लागला नाही आणि लागणार नाही अशा जागी रोवून यायचं, मागं न बघता. पेरलेली जमीन माणसांची, न पेरलेली मेलेल्यांची. एवढं झालं की पाठवणी झाली, माणूस गेला. बायको विधवा झाली. आणि मूलबाळ नसलेली विधवा दिराच्या घरची.

मेलिनोला मूल नव्हतं. पाठवणी झाली की घर धाकट्या भावाचं, हिमेर्तोसचं, आणि घराबरोबर तीही. तिला ते नको होतं. तिला कार्तिदामसची बायको राहायचं होतं, त्याच घरात, त्याच चटईशेजारी. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, हिमेर्तोसलाही. तो वाईट माणूस नव्हता. एका पायानं अधू, म्हणून समुद्रावर जात नसे. होड्यांना डांबर लावायचा.

"वहिनी, माझ्यात खोट काय आहे? पाय सोडून बोल."

"काही नाही, भावोजी. पण तुम्ही कार्तिदामस नाही."

"तो तरी कुठं आहे आता कार्तिदामस?"

"बाहेर आहे."

"मग बाहेरून आला की उठतो मी त्याच्या जागेवरून. तोवर बसू दे की."

ती हसली नाही. बित्तोनं सांगून टाकलं, होड्या पुन्हा पाण्यात जायच्या आत मातीचा माणूस झालाच पाहिजे.

वर शहराच्या टोकाला शिबंदीनं आपले देव खडकात कोरून बसवले होते. सारापिस, ईसिस, आणि तो कोल्ह्याच्या तोंडाचा. आम्हाला तिथं कुणी कधी बोलावलं नाही, कधी हाकललंही नाही. पामीन नावाचा एक शिपाई तिथले दिवे बघायचा. डोकं गुळगुळीत, भुवया पांढऱ्या, आमची भाषा खडे चावल्यासारखी बोलायचा. तो या बेटावर पहिल्यांदा उतरला तो कार्तिदामसच्याच होडीतून, आणि सारा रस्ता ओकत आला, हे कार्तिदामस ज्याला त्याला सांगे.

एका दुपारी मेलिनो कडा चढून त्याच्याकडं गेली.

"तुमची ईसिस देवी नवऱ्याला शोधत फिरली म्हणतात."

"फिरली."

"सापडला?"

"सापडला. तुकडे तुकडे. गोळा केले, बांधले."

"सगळे सापडले?"

पामीननं दिव्याची वात पुढं सारली. "एक सोडून. तो तुकडा मासा खाऊन गेला."

"कुठला?"

"सासूला विचार."

मेलिनोला कळायला थोडा वेळ लागला. "आणि मग? त्याच्याशिवाय संसार झाला?"

"पोरगंसुद्धा झालं."

"मग मला चालेल," ती म्हणाली.

पामीन खो खो हसला. ती त्याच्याकडं नुसती बघत राहिली, तसं त्याचं हसू हळूहळू वाळलं.

त्यानं तिला सांगितलं की त्याच्या मुलखात पूर ओसरला की चिखलाचा माणूस करतात, त्याच्या अंगात जव घालतात. पाणी घालत राहिलं की तो उगवतो. तोच देवीचा नवरा. "पण त्याआधी बायकांनी रडायचं असतं. देवीसाठी, देवीसारखं. शिबंदीत बाया कुठून आणू? दर वर्षी आम्ही सगळे टोणगे उभे राहून गळा काढतो. देवीला लाज वाटत असेल."

"मी रडेन," मेलिनो म्हणाली. "मला माती दे."

त्याच्याजवळ एक कातडी पिशवी होती. तीत नाईलच्या काठची काळी माती. परमुलखात मेलो तर डोक्याखाली ठेवा म्हणून त्या नदीच्या वरच्या मुलखातले शिपाई ती बाळगतात. त्यानं तिला मूठभर दिली. तिच्या पदरावर मूठ धरल्यावर त्याची बोटं लगेच उघडली नाहीत.

रडायला ती एकटी गेली नाही. दोघीतिघी बरोबर गेल्या, गंमत बघायला. आत लोकर चालत नव्हती. दाराशी घोंगड्या उतरवायच्या आणि पातळ वस्त्रानिशी उभं राहायचं. हिवाळ्याचा वारा कड्यावरून थेट आत. अंगावर काटा, दात वाजतायत, आणि पामीन आपल्या खडबडीत भाषेत सांगतोय की आता तिचा नवरा पाण्यात गेला, आता तो सापडत नाही, आता ती किनाऱ्यानं फिरते आहे. कुणाला रडू आवरेना. ओइयात असं घर कुठलं, ज्यातलं कुणी बाहेर नाही? आमच्यात रडायचं ते प्रेतापुढं. प्रेत नाही तर ते रडणं नेऊन ठेवायचं कुठं? इथं देवीच रडत होती. तिच्यात आपलं मिसळून देता येत होतं. खाली उतरताना बायकांचे चेहरे जेवून उठल्यासारखे दिसत होते. दुसऱ्या दिवशी आणखी गेल्या. राजाच्या गलबतांतून हे देव आले असं वर शहरात म्हणतात. आलेही असतील. आमच्या बंदरात ते शिरले ते असे.

घरी मेलिनोनं काळ्या मातीत बेटाची पांढरी माती मिसळली, जव कालवले, आणि काठवटीत हातभर लांबीचा माणूस केला. लांब हाडांचा. वरून ओलं फडकं घातलं. रोज डोक्याकडून पाणी घालायची, तोंड जिथं असायचं तिथं, थेंब थेंब. स्वतः कमी पिऊन उरवलेलं पाणी.

बित्तोनं फडकं उचलून पाहिलं आणि हात वर करून देवांचं नाव घेतलं. "केलास तर! शेवटी केलास गं पोरी." तिला वाटलं हा आपल्याच रीतीचा माणूस. का नाही वाटणार? दोन्ही मातीचे, दोन्ही हरवलेल्यांचे. एक घालवण्यासाठी करतात आणि एक उगवण्यासाठी, हे बघून कळत नाही. मेलिनोनं तिला तसंच वाटू दिलं. तो उगवेपर्यंत तिला दिवस हवे होते. बित्तोनं त्याला चटईवर बसवलं. मसुराची आमटी, कांदा, चीज, सगळ्यातला वाटा त्याच्यापुढं ठेवला. मेलिनो त्याच्या शेजारी बसून जेवली. कार्तिदामस नाहीसा झाल्यापासून ती प्रथमच पोटभर जेवली, असं हिमेर्तोस नंतर सांगे.

एका सकाळी ती वर देवीकडं गेली असताना बित्तोला मातीच्या माणसाच्या छातीवर बारीक पांढरं काहीतरी दिसलं. तिनं वाकून बोट लावलं.

"हिमेर्तोस! अरे इकडं ये. ह्याला केस फुटलेत."

"मातीला कसले केस, आई? बुरशी असेल."

"तुझ्या भावाच्या छातीवर होते तसेच आहेत. बघ ना, तू बघ!"

हिमेर्तोसनं बघितलं. ते कोंब होते, एवढं त्याला कळलं. पण कोंब उजेडाकडं वाकतात, दाराकडं. हे आत वाकले होते, अंधाराकडं, मेलिनो जाळं घेऊन जिथं बसते त्या कोपऱ्याकडं. त्यानं हे आईला सांगितलं नाही.

"आजच नेऊ," तो म्हणाला.

भर दुपारी दोघांनी त्याला पलीकडच्या उतारावर नेला, जिथं नुसती पांढरी भुसभुशीत राख आहे आणि कुणाच्या आज्यापणज्यानंही नांगर घातलेला नाही. रोवला आणि मागं न बघता उतरले.

मेलिनो घरी आली तेव्हा काठवट धुऊन पालथी घातलेली होती.

"कुठं ठेवलात?"

"विचारायचं नसतं," बित्तो म्हणाली. "गेला तो. आता त्याला हाक मारायची नाही."

मेलिनो चटईवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "भावोजी, तुम्ही मागं बघितलंत?"

"नाही."

"मग गेला हे तुम्हाला कसं माहीत?"

लग्न वसंतात करायचं ठरलं. त्या हिवाळ्यात पाऊस चांगला झाला. उंबऱ्यात वाळू यायची थांबली, घागरीतलं पाणी गोड राहू लागलं. बित्तो सगळ्यांना सांगत सुटली, बघा, गेला की नाही? मेलिनो लग्नाचं वस्त्र विणायला बसली होती खरी, पण दिवसभर माग वाजताना ऐकू येई आणि संध्याकाळी कापड वाढलेलं नसे.

मग एका शेळ्यावाल्यानं खबर आणली की पलीकडच्या उतारावर शेळ्या एका जागेशी थबकतात आणि वळसा घालून जातात. लोक बघायला गेले. पांढऱ्या उतारावर एक हिरवा माणूस उताणा पडला होता. जवाचा. हातभर ठेवलेला, पुरुषभर झालेला. खांदे, लांब पाय, अंगापासून जरासे सुटलेले हात, कडेला एक पातं इकडचं तिकडं नाही. वारा नव्हता. तरी छातीवरचे जव हलत होते, सावकाश, वर आणि खाली.

बित्तो कशीबशी चढून आली. बराच वेळ बघितल्यावर ती खालीच बसली.

"काय केलं रे आपण," ती म्हणाली. "हे पेरलेलं झालं. पडीक राहिलंच नाही. आपण त्याला घालवला कुठं? आपण त्याला शेत दिलं."

"उपटून टाका," मागून कुणीतरी म्हणालं.

"ये की पुढं. तूच उपट."

तो मागचा आणखी मागं गेला. शेवटी हिमेर्तोस पुढं झाला, कारण लग्न त्याचं होतं. खांद्यापाशी वाकून त्यानं मूठ भरली, ओढली, आणि सोडून दिली. तळवा कुशीला पुसत तो उतरायला लागला.

"काय झालं रे?"

"काही नाही."

"मग सोडलंस का?"

"मी ओढलं तेवढंच त्यानंही ओढलं," तो म्हणाला. त्यानंतर या गोष्टीवर तो कधी बोलला नाही, आणि लग्नाचं नावही कुणी काढलं नाही. पाठवणी झालेली नव्हती. मेलिनो विधवा नव्हती. तिनं मागावरचं कापड कापून काढलं आणि त्याचं फडकं केलं.

त्या दिवसापासून ती रोज उतारावर जायची, घागर खांद्यावर घेऊन. डोक्यापाशी बसून पाणी घालायची. जव उन्हाळ्यात जगत नाही, हा जगायचा. दाणे झडायचे, तिथंच रुजायचे, आकार ढळायचा नाही. ती त्याच्याशी बोलत असे. काय बोलते म्हणून एकदा दोघी दगडाआड लपून ऐकत राहिल्या. मासळीचे भाव, सासूचा गुडघा, कुणाची होडी फुटली, बस्स. घरच्या माणसाशी बोलावं तसं. घाबरायचं कशाला हेच त्यांना कळेना, आणि घाबरून त्या परत आल्या.

मग बाहेर असलेल्यांच्या बायका तिच्याकडं दाणे मागायला आल्या. आधी बंदरातल्या, हळू आवाजात, कालवण मागायला यावं तशा. मग होडीत बसून अनाफेहून, इओसहून, आस्तिपालेयाहून. पदरात मूठभर जव बांधायच्या, वर जाऊन देवीपुढं रडायच्या, बोटभर मातीची देवी बरोबर न्यायच्या. त्यांतल्या काही बेटांवर राजाचा एकही शिपाई नव्हता. तरी थोड्याच वर्षांत तिकडच्या खडकांत देवीचे कोनाडे दिसू लागले. होडीवाले सांगत, तिकडच्या उतारांवरही माणसं पडलीयेत. आमच्या उतारावर तर जागा पुरेना. पहाटे समुद्रावरून येणाऱ्याला पांढऱ्या डोंगरावर हिरवी माणसं एकाशेजारी एक उताणी दिसत, सगळ्यांची डोकी गावाकडं. परके खलाशी तोंड फिरवून, बाधा होऊ नये म्हणून बोटं वेडीवाकडी करत. आम्हाला सवय झाली. माणसाला कशाचीही होते.

पामीन एकदा काठी टेकत बघायला आला. उतारभर नजर फिरवून तो मेलिनोपाशी थांबला.

"हे आमचं नाही," तो म्हणाला.

"माती तुझीच आहे."

"आम्ही उगवला की त्याला कापडात बांधतो. पुरतो. तू नुसती पाजतेयस. पूर त्याला, बाई."

"पुरला तर गेला."

"पुरल्याशिवाय उठायचा कसा?" पामीन खाली बसला, त्या हिरव्या खांद्यापासून अंतर ठेवून. "हा मेला पण नाही, उठत पण नाही. असं कुणाला धरून ठेवू नये. देवालासुद्धा आम्ही ठेवत नाही."

"तुला बायको होती?"

"होती."

"ती गेली, की बाहेर आहे?"

पामीन काठीवर जोर देऊन उठला आणि गेला. पुढच्या गलबतानं शिबंदीतले म्हातारे शिपाई मिसरला परत नेले, त्यांत तोही होता. देवीकडं येणाऱ्या बायकांना तोवर त्याची गरज उरली नव्हती. रडणं त्यांना पाठ होतं.

मेलिनोचे केस पांढरे झाले, बित्तोची दृष्टी गेली. मग ते वर्ष आलं ज्यात पाऊस आलाच नाही. टाकी तळाला गेली. शहरानं पाणी माणशी वाटून दिलं आणि उतारावर पाणी नेताना दिसेल तिची घागर फोडायचा हुकूम काढला. मेलिनोनं आपला वाटा तोंडात धरून नेला. गाल फुगवून चढायची, वाकून त्याच्या तोंडापाशी सोडायची. बाकीच्या बायकांनीही तेच केलं, जमेल तितके दिवस. मग एकदा मेलिनो चढणीवरच कोसळली. हिमेर्तोसनं लंगडत लंगडत तिला घरी आणलं. ती तापात पडून राहिली. उतार पिवळा पडला, मग पांढरा. वाऱ्यानं काड्या नेल्या. ती भिंतीला धरून उठली तेव्हा डोंगर कोरा होता. आमचाच नव्हे, होडीवाले म्हणाले, सगळ्या बेटांचे.

त्यानंतर, उन्हाळा सरताना, एका गलबतातून एक माणूस उतरला. दुपार होती. तो पालथ्या घातलेल्या होडीवर जाऊन बसला आणि एकेका होडीकडं बघून मालकाचं नाव सांगू लागला. काही मालक मेले होते. दाढी पांढरी, घोट्यांवर साखळीचे व्रण. आवाज कार्तिदामसचा.

"पाणी तरी द्या रे," तो म्हणाला. "असे काय बघताय?"

कुणी दिलं नाही. पाठवणी फसली असली तरी ज्याला पाठवायला माणसं गेली होती, त्याच्या हातात भांडं कसं द्यायचं? अशा माणसासाठी आमच्यात एकच रीत आहे. त्यानं पुन्हा जन्मायचं. बायकांनी त्याला न्हाऊ घालायचं, तान्ह्या पोरासारखं कापडात गुंडाळायचं, आईनं छातीशी धरायचं. शेवटी घरच्या बाईनं त्याला पाणी पाजून नाव द्यायचं. नाव दिलं की तो माणसांत आला, आपल्या घरात, आपल्या जागी. नाही दिलं तर तो कुणी नाही.

अंगणात हे सगळं झालं. समुद्राच्या पाण्यानं न्हाऊ घातलं, हातपाय बांधून गुंडाळलं. आंधळ्या बित्तोनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि चेहरा चाचपला.

"दाढी घेऊनच जन्मलंय गं," भिंतीपाशी कुणीतरी कुजबुजलं आणि एकीला हसू फुटलं.

"हसू नका," बित्तो म्हणाली. "माझंच आहे. जड झालंय पोर."

भिंतीपाशी उतारावरच्या सगळ्या बायका उभ्या होत्या. मेलिनो त्याच्या पायाशी गुडघ्यांवर बसली होती. हिमेर्तोसनं पाण्याचं भांडं आणून तिच्या हातात दिलं आणि भावाच्या जागेवरून उठावं तसा तो दाराबाहेर जाऊन उभा राहिला.

"म्हातारी झालीस गं," कार्तिदामस तिला म्हणाला.

"कुठं होतास रे?" बित्तोनं विचारलं. "इतकी वर्षं?"

"चाच्यांनी धरलं, आई. किलिकियात विकलं. दगडाच्या खाणीवर."

"पळून यायचं."

"बरोबरचे पळाले की. राखणदार झोपायचा, बेडी सैल असायची. मी ठरवायचो. पण उठताच यायचं नाही." तो आढ्याकडं बघत असल्यासारखा आभाळाकडं बघत होता. "उताणा पडलोय, अंगाखाली भुसभुशीत पांढरी माती, हातपाय आतून धरलेले. रोज. आणि डोक्याकडून कुणीतरी तोंडात पाणी घालायचं. थेंब थेंब. गोड पाणी. ते घशाखाली गेलं की वाटायचं, राहू दे, पडून राहावं. बाईमाणूस काहीतरी बोलतंय असंही वाटायचं. मासळीचे भाव वगैरे." तो हसला. "या उन्हाळ्यात पाणी बंद झालं. घसा फाटला. वाटलं संपलो. आणि एका सकाळी उठलो, चालत बंदरावर आलो. कुणी अडवलंसुद्धा नाही."

मग भिंतीपाशी उभ्या असलेल्यांतली एक वळून समुद्राकडं बघू लागली. मग दुसरी. मग सगळ्या.

"नाव घे, मेलिनो," बित्तो म्हणाली. "एकदा म्हण, की झाला तुझा."

"म्हण की," कार्तिदामस म्हणाला. "विसरलीस काय?"

मेलिनो त्याच्या तोंडाकडं बघत होती. ओठ फुटलेले होते. भांडं तिच्या हातात होतं, काठोकाठ, आणि त्यातलं पाणी जराही हलत नव्हतं. तिनं ते खाली ठेवलं. त्याच्या छातीवरची गाठ सोडली, कापडाचा एकेक वेढा उलगडला, त्याचे दोन्ही हात मोकळे केले. भांडं उचलून त्याच्या हातांत दिलं आणि त्याची बोटं त्याभोवती नीट मिटवली.

मग ती उठली, आणि त्याचं नाव न घेता अंगणातून चालत निघून गेली.